विकिपीडियावरचे आलेख दोन वर्षं का बंद राहिले?

एप्रिल २०२३ मध्ये विकिपीडियावरचे आलेख एकाएकी दिसेनासे झाले. शहराची लोकसंख्या दशकागणिक कशी वाढली, कोविडचे रुग्ण कोणत्या आठवड्यात किती होते, देशाचं उत्पन्न कधी वाढलं आणि कधी घसरलं, हे दाखवणाऱ्या आकृत्या हजारो पानांवरून गेल्या. त्यांच्या जागी, तांत्रिक अडचणीमुळे आलेख उपलब्ध नाहीत, अशा अर्थाची एक ओळ आली. दोन-चार दिवसांत दुरुस्ती होईल असं अनेकांना वाटलं. पर्यायी व्यवस्था निरनिराळ्या विकिपीडियांवर पोचेपर्यंत २०२५ उजाडलं, आणि ती व्यवस्था आजही जुनीच्या तोडीची नाही.

जगात सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या मोजक्या संकेतस्थळांपैकी हे एक. त्याच्या मागच्या संस्थेकडे वर्षाला अठरा कोटी डॉलरच्या घरात पैसा जमतो. तिथे एक स्तंभालेख दोन वर्षं दाखवता येऊ नये, हे बाहेरच्या माणसाला पटतच नाही. माझ्या मते याचं उत्तर कारभारात आहे. विकिपीडियावर एखादी गोष्ट अडवण्याचा अधिकार पुष्कळांकडे आहे. चालू असलेली गोष्ट सांभाळायची जबाबदारी मात्र बहुतेक वेळा कुणाच्याच नावावर नसते. त्याची सर्वांत जास्त झळ मराठीसारख्या भाषांना बसते, म्हणून हे आपणही समजून घ्यायला हवं.

## कोण काय करतं

विकिपीडियातला मजकूर स्वयंसेवक लिहितात. त्यांना संपादक म्हणतात, आणि त्याबद्दल त्यांना पैसे मिळत नाहीत. त्यांच्यातूनच काहींना पानं वगळणं, सुरक्षित करणं, उपद्रवी खाती रोखणं असे जादा अधिकार दिले जातात, ते प्रचालक. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया स्वतंत्र असतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचे नियम इथले संपादक ठरवतात आणि त्यांची चर्चा ‘चावडी’ नावाच्या चर्चापानावर होते. इंग्रजी किंवा हिंदी विकिपीडियाचा त्यावर काही अधिकार नाही.

सर्व्हर, नाव, देणग्या आणि कायदेशीर बाजू सांभाळते ती विकिमीडिया फाउंडेशन. ही संस्था २००३ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिच्याकडे पगारी कर्मचारी आहेत आणि त्यांत मोठा वाटा तंत्रज्ञांचा आहे. लेखात काय लिहायचं हे ती ठरवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने नोटीस पाठवली ती या फाउंडेशनला, आणि विकिपीडियाचा मालक कोण, हा प्रश्न तेव्हा आपल्याकडे घरोघरी विचारला गेला. मजकुराच्या बाबतीत त्याचं उत्तर तसं सोपं आहे. तंत्रज्ञानाच्या बाबतीत ते फार गुंतागुंतीचं होतं.

तिसरा घटक म्हणजे मीडियाविकी, ज्यावर हे सगळं चालतं ते सॉफ्टवेअर. त्याची सुरुवात जानेवारी २००२ मध्ये माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रणालीपासून झाली. ते मुक्त आहे, म्हणजे त्याचा स्रोत कुणीही वाचू शकतं, बदल सुचवू शकतं. त्यात फाउंडेशनचे पगारी लोक काम करतात आणि जगभरचे स्वयंसेवकही.

## आलेखांचं नेमकं काय झालं

आलेख काढण्याची सोय मीडियाविकीला जोडलेल्या एका पुरवणीतून येत होती. तिचं नाव ग्राफ. ती आकृत्या काढणाऱ्या ‘व्हेगा’ नावाच्या दुसऱ्याच एका मुक्त प्रकल्पावर उभी होती. व्हेगाच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या, विकिपीडिया जुनीवरच थांबला. नवी आवृत्ती घ्यायची तर संपादकांनी आधी लिहून ठेवलेले असंख्य आलेख मोडणार होते. ते कुणी दुरुस्त करायचे याचं उत्तर नव्हतं. पुरवणीमागे सुरुवातीला ज्यांचा उत्साह होता ते दुसरीकडे गेले, आणि पुढे फाउंडेशनमधल्या कुठल्याच गटाकडे ती नीट सोपवली गेली नाही.

या पुरवणीत एक मूलभूत धोकाही होता. पानावर कुणीही लिहिलेल्या सूचनांवरून वाचकाच्या ब्राउझरमध्ये आकृती तयार होत असे. जुन्या आवृत्तीतल्या त्रुटींचा फायदा घेऊन त्या सूचनांतून घातक आज्ञा घुसवता येतील, आणि लॉग-इन केलेल्या प्रचालकाच्या नावावर भलतंच काही करवून घेता येईल, असं दिसून आलं. तेव्हा पुरवणी बंद करण्यात आली. तो निर्णय योग्यच होता. त्या आधीची कित्येक वर्षं ही पुरवणी कुणाच्याही यादीत नव्हती, हे मात्र योग्य नव्हतं.

यानंतर दुरुस्तीचे प्रयत्न झाले, चर्चा झाल्या, स्वयंसेवकांनी पर्याय सुचवले. अखेर २०२४ मध्ये फाउंडेशनने जुनी पुरवणी सोडून चार्ट नावाची नवी पुरवणी बांधायला घेतली. तिच्यात आकृती सर्व्हरवर तयार होते, त्यामुळे तो धोका बराच टळतो. पण रेषालेख, स्तंभालेख, क्षेत्रालेख, वर्तुळालेख असे ठरावीक प्रकारच तिच्यात आहेत. जुन्या पुरवणीत माहीतगार संपादक नकाशे आणि हलत्या आकृत्यासुद्धा करत असत. ते आपोआप परत येणार नाही, आणि जे येईल ते एकेक करून हाताने नव्याने मांडावं लागेल.

## भिंतीतले नळ

चाळीस वर्षं जुन्या गृहनिर्माण सोसायटीचा विचार करा. मुख्य पाइप गंजलाय हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण इतक्या वर्षांत प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्या सोयीने त्यातून फाटे काढले, वर टाइल्स बसवल्या, कुणी भिंतच हलवली. आता मुख्य पाइप बदलायचा तर प्रत्येकाच्या घरात तोडफोड होणार. सर्वसाधारण सभेत रंगकामाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो; पाइपाचा ठराव पुढच्या सभेवर जातो.

सॉफ्टवेअरमध्ये याला तांत्रिक कर्ज म्हणतात. आज काम भागवण्यासाठी केलेली तडजोड उद्याच्या प्रत्येक बदलाची किंमत वाढवते. विकिपीडियावर हे कर्ज दोन ठिकाणी साचलं आहे. एक, खुद्द लिहिण्याच्या पद्धतीत. संपादक जी चिन्हं वापरतात, म्हणजे दुव्याला चौकोनी कंस, साच्याला (अनेक पानांवर पुन्हा वापरायच्या तयार तुकड्याला) महिरपी कंस, ठळक अक्षराला तीन अवतरणचिन्हं, त्यांचं काटेकोर व्याकरण कधी लिहिलंच गेलं नाही. सॉफ्टवेअर त्यांचा जो अर्थ लावेल तेच व्याकरण. त्यामुळे तो अर्थ लावणारा भाग बदलणं फार जोखमीचं. त्याच्या जागी येणाऱ्या पार्सॉइड या नव्या भागाचं काम २०१२ च्या सुमारास सुरू झालं आणि जुन्याला पूर्ण निवृत्त करण्याचं काम २०२५ मध्येही चालूच होतं.

दुसरं कर्ज संपादकांनी स्वतः उभं केलेल्या साधनांचं. साचे, छोटे प्रोग्रॅम आणि सांगकामे, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारी खाती, यांवर विकिपीडियाचा रोजचा गाडा चालतो. २०११ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर उपद्रवी बदल परतवणारा एक सांगकाम्या काही वेळा बंद पडला. संशोधकांनी त्या काळातली आकडेवारी तपासली, तेव्हा असे बदल दुरुस्त व्हायला लागणारा वेळ जवळपास दुप्पट झाल्याचं दिसलं. असं साधन कितीदा तरी एकाच माणसाने फावल्या वेळात लिहिलेलं असतं. त्याला नवी नोकरी लागते, घरात आजारपण येतं, किंवा उत्साह ओसरतो. मार्च २०२४ मध्ये स्वयंसेवकांची साधनं ज्या सर्व्हर-व्यवस्थेवर चालत, तिचा एक जुना भाग फाउंडेशनने बंद केला. सूचना बऱ्याच आधी दिल्या होत्या, मदतही देऊ केली होती. तरी ज्यांचे कर्ते केव्हाच निघून गेले होते ती साधनं थांबलीच.

## मराठीला झळ जास्त का

मराठी विकिपीडियावर एखाद्या गावाचा किंवा खेळाडूचा लेख उघडा. उजवीकडे माहितीचौकट असते: छायाचित्र, नकाशा, लोकसंख्या. कधीकधी तिच्या मधोमध लाल अक्षरांत ‘लुआ त्रुटी’ असं लिहिलेलं दिसतं आणि खालची अर्धी चौकट रिकामी असते.

लुआ ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. २०१३ पासून विकिपीडियाचे अवघड साचे तिच्यात लिहिले जातात. हे साचे बहुतेक वेळा इंग्रजी विकिपीडियावर तयार होतात आणि मराठीत आणताना अक्षरशः उतरवून घ्यावे लागतात. एक साचा दुसऱ्यावर विसंबतो, दुसरा तिसऱ्यावर. एका माहितीचौकटीसाठी दहा-वीस पानं आणावी लागतात. मग इंग्रजीत कुणीतरी त्यांतल्या एका पानात सुधारणा करतं. मराठीतली प्रत जुनीच राहते. महिन्याभराने दुसरं कुणीतरी त्या साखळीतलं एकच नवं पान आणतं, आणि जुनं-नवं जुळत नाही. लाल अक्षरं उमटतात.

यावर उपाय जुना आणि सर्वांना माहीत असलेला आहे: साचे एकाच जागी ठेवावेत आणि सर्व भाषांनी तिथून वापरावेत. छायाचित्रांसाठी अशी जागा कॉमन्स या नावाने २००४ पासून आहे. आकडे आणि तथ्यांसाठी विकिडेटा २०१२ मध्ये सुरू झाला. साच्यांसाठी मात्र ही मागणी वर्षानुवर्षं पडून आहे. इंग्रजी किंवा जर्मन विकिपीडियाला तिची निकड नाही. त्यांच्याकडे साचे दुरुस्त करणारी माणसं आहेत. शिवाय जागतिक साच्यात बदल कुणी करायचा, भांडण झालं तर कोण सोडवणार, हा कारभाराचा प्रश्न सुटल्याशिवाय तंत्रज्ञ पुढे जाऊ शकत नाहीत. मराठीत नियमित लिहिणारे मोजके आणि त्यांत लुआ जाणणारे त्याहून मोजके. ज्या वेळात त्यांनी एखाद्या संतकवीवर किंवा धरणावर लेख लिहिला असता, तो वेळ इंग्रजीतून आलेली साखळी जोडण्यात जातो. मला हे नुकसान आलेखांहूनही मोठं वाटतं.

## पैसे आहेत, मग माणसं नेमा की

ही सर्वांत स्वाभाविक शंका. फाउंडेशनचा २०२२-२३ या वर्षातला खर्च सुमारे १७ कोटी डॉलर होता. सर्व्हर चालवण्याचा थेट खर्च त्यातला जेमतेम ३१ लाख डॉलर. पगारांवर दहा कोटींहून जास्त गेले. देणगीसाठी लावलेल्या फलकांवरची भाषा वाचून विकिपीडिया उद्या बंद पडेल असं वाटायचं, त्यावर संपादकांनीच जाहीर आक्षेप घेतला होता आणि तो रास्त होता.

पगारी माणसं आहेत, पण ती कशावर लावायची हा निवडीचा प्रश्न आहे. नवा प्रकल्प दाखवता येतो, त्यासाठी अनुदान मिळतं, अहवालात त्याला पान मिळतं. जुन्या पुरवणीची डागडुजी नीट झाली तर कुणाला काही दिसतच नाही. मीडियाविकीच्या शेकडो पुरवण्यांची यादी जाहीर आहे आणि प्रत्येकीपुढे जबाबदार गटाचं नाव लिहायचा रकाना आहे. त्यांतले बरेच रकाने रिकामे आहेत. दुसऱ्या बाजूला विकिफंक्शन्ससारखा, म्हणजे सर्व भाषांना वापरता येतील अशा छोट्या प्रोग्रॅमांचा एकत्रित साठा करणारा, मोठा नवा प्रकल्प २०२३ अखेरीस सुरू झाला. त्याची कल्पना मोलाची आहे, मराठीसारख्या भाषांनाच तिचा फायदा व्हावा असा हेतू आहे. तरीही तुटलेले आलेख आणि रखडलेले साचे समोर असताना अनेक संपादकांनी प्राधान्यक्रमाबद्दल प्रश्न विचारले, त्यांत मला काही गैर दिसत नाही.

## फाउंडेशनने सरळ बदल करून टाकले तर?

करून पाहिलं आहे. २०१३ च्या जुलैत इंग्रजी विकिपीडियावर व्हिज्युअल एडिटर सर्वांसाठी सुरू केला गेला. चिन्हं न शिकता, साध्या दस्तऐवजासारखं पानावर लिहिता यावं ही कल्पना नवख्यांसाठी वरदानच होती. पण तो कच्चा होता. लेखांत नको ती चिन्हं घुसवत होता आणि ती निस्तरायचं काम अनुभवी संपादकांवर पडत होतं. त्यांच्या तक्रारींना थंड प्रतिसाद मिळाला. सप्टेंबरमध्ये एका प्रचालकाने थेट संकेतस्थळाच्या संहितेत बदल करून तो ऐच्छिक करून टाकला, आणि फाउंडेशनला ते मान्य करावं लागलं.

पुढच्या वर्षी चित्रं मोठी करून दाखवणाऱ्या मीडिया व्ह्यूअरवरून जर्मन विकिपीडियात हेच घडलं. तिथल्या संपादकांनी मतदान घेतलं, एका प्रचालकाने ती सोय बंद केली. या वेळी फाउंडेशनने नवंच कुलूप तयार केलं. ‘सुपरप्रोटेक्ट’ नावाच्या या पातळीवर ठेवलेलं पान निवडून आलेल्या प्रचालकांनाही बदलता येत नव्हतं. जवळपास हजार जणांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुलूप काढलं गेलं. पण विश्वास तुटला तो तुटलाच. तेव्हापासून कोणताही मोठा बदल करायचा म्हटला की फाउंडेशन दबकत पावलं टाकते आणि संपादक संशयाने पाहतात. वाचनासाठीची नवी मांडणी २०२० मध्ये फ्रेंचसह काही विकिपीडियांवर आली, इंग्रजीवर यायला जानेवारी २०२३ लागला, आणि त्यानंतरही ती मागे घ्यावी यासाठी मोठी चर्चा झाली.

## मग संपादकांनाच ठरवू द्या

तेही तितकं सरळ नाही. २०१५ पासून फाउंडेशन इच्छायादी भरवते: संपादकांनी तांत्रिक मागण्या मांडायच्या, मतं द्यायची, वरच्या मागण्या एक छोटा तंत्रज्ञ गट पूर्ण करणार. यातून उपयोगी कामं झाली. पण गट लहान असल्यामुळे मोठ्या मागण्या आवाक्याबाहेरच्या ठरल्या. २०१९ च्या यादीत पहिल्या दहांत आलेली रात्रीच्या वाचनासाठीची गडद पार्श्वभूमी सर्वांना मिळाली ती २०२४ मध्ये, तीही दुसऱ्या गटाकडून. आणि मतमोजणीत मोठ्या भाषांचं पारडं जड असतं हे उघड आहे. मराठीतल्या सगळ्या नियमित संपादकांनी एकमुखाने मत दिलं तरी ती मागणी वर येणार नाही.

शिवाय अडवणूक दोन्ही बाजूंनी होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बहुधा एमपीफोर प्रकारचा असतो. पंढरीच्या वारीतलं रिंगण तुम्ही चित्रित केलंत तर ते कॉमन्सवर थेट चढवता येत नाही. आधी मुक्त प्रकारात रूपांतर करावं लागतं. फाउंडेशनने २०१४ मध्ये एमपीफोर स्वीकारावा का असं विचारलं होतं. बहुसंख्य संपादकांनी नकार दिला, कारण त्या तंत्रावर पेटंटचे हक्क होते आणि मुक्त ज्ञानाच्या प्रकल्पाने ते चालवून घेऊ नये अशी त्यांची भूमिका होती. ती तत्त्वाची भूमिका होती, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण विकिपीडियावर व्हिडिओ आजही इतके विरळ का, याच्या कारणांत हा निर्णयही येतो.

फाउंडेशन आणि समुदाय यांच्यात अधिकार वाटून घेण्यासाठी २०२१ पासून एका समितीने सनद लिहायला घेतली. तिच्यात एका जागतिक परिषदेची तरतूद होती. २०२४ च्या जून-जुलैत मतदान झालं. संपादकांनी आणि संलग्न संस्थांनीही बहुमताने होकार दिला. फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाने नकार दिला, आणि नियमानुसार सनद बारगळली. परिषदेचा खर्च आणि जबाबदाऱ्यांमधली अस्पष्टता ही मंडळाची कारणं होती. ती पूर्णपणे निराधार नव्हती. पण मसुद्यावर वर्षानुवर्षं काम चाललेलं असताना अखेरच्या टप्प्यावर दार लावणं मला पटलेलं नाही.

## उशीर झाला तर बिघडतं कुठे?

पूर्वी फार बिघडत नसे. विकिपीडियाला स्पर्धकच नव्हता. आता लोक प्रश्न विचारतात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना, आणि ती साधनं विकिपीडियाच्याच मजकुरावर पोसलेली आहेत. जानेवारी २०२४ नंतर माध्यमफायली उतरवून घेण्याचं प्रमाण ५० टक्क्यांनी वाढल्याचं आणि सर्वांत खर्चिक रहदारीपैकी ६५ टक्के यंत्रांकडून येत असल्याचं फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी काही महिन्यांत माणसांकडून होणारं वाचन आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी घटलं. यंत्रांचा भार वाढतोय आणि माणसं कमी येताहेत. जो वाचक येतो त्यातूनच उद्याचा संपादक घडतो; तो आला आणि त्याला लाल अक्षरांतली त्रुटी दिसली, तर तो पुन्हा का येईल?

## मराठी वाचकाच्या हातात काय आहे

इच्छायादी २०२४ पासून वर्षभर खुली असते आणि तिच्यात मराठीतही लिहिता येतं. विश्वस्त मंडळात जास्तीत जास्त सोळा जागा असतात. त्यांतल्या आठपर्यंत समुदायाच्या निवडीतून भरल्या जातात. मतदानासाठी आजवर साधारण ३०० संपादनं, आणि त्यांतली २० अलीकडच्या सहा महिन्यांतली, अशी अट राहिली आहे. मराठी विकिपीडियावर नेमाने लिहिणाऱ्याला ती जड नाही.

आलेखांबद्दल तर एक चांगली गोष्टही घडली आहे. नव्या पुरवणीत आकृतीची माहिती आणि मांडणी कॉमन्सवर एकाच ठिकाणी असते आणि तीच सर्व भाषांत वापरता येते. ज्या मध्यवर्ती जागेसाठी साचे तिष्ठत आहेत, ती आलेखांना मिळाली. आकृतीच्या पानावर शीर्षक आणि अक्षांची नावं भाषावार लिहायची सोय आहे. तिथे मराठीची ओळ भरायला लुआ यावी लागत नाही, आणि ती एकदा भरली की मराठीतल्या ज्या ज्या लेखात तो आलेख आहे तिथे तो मराठीतच दिसतो.